अटी बदलल्या आहेत

२६ जानेवारी २०११ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात डिमांड मीडिया या कंपनीचा शेअर पहिल्यांदा विक्रीला आला. भाव ठरला होता १७ डॉलर. त्याच दिवशी कंपनीचं बाजारमूल्य दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आणि १८५१ पासून निघणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सच्या मालक कंपनीलाही तिने मागे टाकलं. डिमांड मीडिया सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. तिच्याकडे युद्धभूमीवर जाणारे वार्ताहर नव्हते, नावाजलेले स्तंभलेखकही नव्हते. तिचं भांडवल होतं ईहाऊ आणि तशाच इतर संकेतस्थळांवरचे असंख्य छोटे लेख. अमुक गोष्ट कशी दुरुस्त करावी, तमुक अर्ज कसा भरावा, अशा धर्तीचे.

हे लेख लिहिणारे हजारो लोक कंपनीच्या पटावर नव्हते. ते घरी बसून लेखामागे ठरलेल्या दराने काम करायचे. साधारण दर होता एका लेखाला १५ डॉलर. कंपनी शेअर बाजारात चमकली, पण त्यांचा दर वाढला नाही. पुढच्या काही महिन्यांतच त्यांच्या कामाच्या अटी एकामागून एक बदलू लागल्या.

हा प्रकार समजून घ्यायचा तर आधी लेखांचा हा कारखाना कसा चालायचा ते पाहायला हवं. वायर्ड मासिकाने २००९ च्या शरद ऋतूत त्याचं सविस्तर वर्णन छापलं होतं. लोक गूगलवर काय शोधतात, त्या शब्दांसाठी जाहिरातदार किती मोजतात आणि त्या विषयावर आधीच किती लेख आहेत, या तीन गोष्टी एक संगणकीय प्रणाली ताडून पाहायची आणि त्यातून विषय काढायची. डॅलसमध्ये गाडी दान कुठे करावी, हा अशा विषयांपैकी एक. मग माणसं त्या शब्दांना वाचनीय शीर्षकाचं रूप द्यायची आणि शीर्षक यादीत पडायचं. लेखकाने यादीतून शीर्षक उचलायचं आणि लेख लिहून द्यायचा. मुद्रितसंपादन करणाऱ्याला लेखामागे अडीच डॉलर, तथ्यं तपासणाऱ्याला एक डॉलर. त्या काळात कंपनीतून दिवसाला सुमारे ४,००० लेख आणि व्हिडिओ बाहेर पडत होते.

पंधरा डॉलर ऐकायला बरे वाटतात, पण हिशोब करून पाहा. शोधाशोध, लेखन आणि संपादकाने परत पाठवल्यावर दुरुस्ती, हे सगळं धरून दोन तास लागले तर तासाला साडेसात डॉलर पडतात. अमेरिकेतलं तेव्हाचं केंद्रीय किमान वेतन सव्वासात डॉलर होतं. शिवाय नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षेच्या कराचा निम्मा वाटा मालक भरतो. स्वतंत्र कंत्राटदाराला तो अख्खा, १५.३ टक्के, स्वतःच भरावा लागतो. म्हणजे तीन तास लागलेला लेख किमान वेतनाच्याही बराच खाली जायचा. तरीही लोक हे काम करत होते, कारण २००८ च्या मंदीत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी हजारो पत्रकारांना घरी बसवलं होतं आणि घरभाडं तर दर महिन्याला द्यावंच लागतं. त्यांना कमी लेखणाऱ्यांनी एवढी गोष्ट विसरू नये.

ईहाऊवर याहून वेगळी एक योजनाही होती आणि माझ्या मते खरा अन्याय तिथे झाला. तिच्यात लेखकाला ठोक रक्कम मिळायची नाही. त्याच्या लेखावरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा महिन्याच्या महिन्याला मिळायचा. एकदा लिहिलेला लेख वर्षानुवर्षं वाचला गेला तर पैसे येतच राहणार, ही त्यातली गोडी. लोकांनी या भरवशावर शेकडो लेख लिहिले आणि या रकमेवर महिन्याचं अंदाजपत्रक बसवलं. पण वाटा किती टक्के आणि तो कसा काढला, हे सूत्र कंपनीने कधी उघड केलं नाही. अर्धेलीने जमीन कसणाऱ्याला निदान खळ्यावरची रास डोळ्यांनी दिसते. इथे रास किती झाली हे सांगणारी कंपनी आणि वाटा मोजून देणारीही कंपनीच. एप्रिल २०१० मध्ये ही योजना नव्या लेखांसाठी बंद झाली. २०११ मध्ये ती पुरती गुंडाळली गेली. जुन्या लेखांसाठी लेखकांना एकरकमी मोबदला देऊ करण्यात आला. तो घ्यावा, नाहीतर लेख उतरवले जातील. रक्कम कंपनीनेच ठरवलेली. लेखकाला वाटाघाटीला जागाच नव्हती.

याच सुमारास वरूनही एक धक्का आला. २४ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने शोधनिकालांचा क्रम लावण्याची पद्धत बदलली. या बदलाला पुढे पांडा हे नाव पडलं. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असं गूगलनेच सांगितलं होतं. उथळ मजकूर खाली ढकलायचा, हा हेतू. असोसिएटेड कंटेंट, स्वीट१०१ अशा संकेतस्थळांची वाचकसंख्या धाडकन कोसळली. ईहाऊ पहिल्या फेरीत वाचलं, पण एप्रिलच्या फेरीत सापडलं. मग कंपनीने शीर्षकं कमी केली आणि नियम कडक केले, आणि लेखकांच्या हातचं काम आटत गेलं.

वाचक म्हणून मी म्हणेन की गूगलने केलं ते बरोबरच होतं. पण किंमत कोणाला मोजावी लागली? लेख किती शब्दांचा, शीर्षकात कोणते शब्द, एका लेखाला किती वेळ परवडतो, हे सगळं कंपनी ठरवत होती. लेखकाने ते निमूट पाळलं. मजकूर उथळ ठरला तेव्हा पहिला फटका त्यालाच बसला. लेखक कंपनीवर अवलंबून, कंपनी गूगलवर अवलंबून. अशा साखळीत वरच्या प्रत्येक कडीला आपला भार खालच्या कडीवर टाकता येतो, आणि लेखकाच्या खाली कोणीच नसतं.

असोसिएटेड कंटेंटची कथाही अशीच. ही कंपनी २००५ साली निघाली. मे २०१० मध्ये याहूने ती सुमारे १० कोटी डॉलरना घेतली तेव्हा तिच्याकडे सुमारे ३ लाख ८० हजार लेखकांची नोंद होती. विकली गेली ती वस्तू म्हणजे मुख्यतः या लोकांचा मजकूर. पण विक्रीच्या रकमेतला छदामही त्यांच्या वाट्याला आला नाही. पुढे तिचं नाव याहू व्हॉइसेस झालं. जुलै २०१२ मध्ये तिथून सुमारे साडेचार लाख ईमेल पत्ते आणि पासवर्ड चोरीला गेले. ते याहूने कंपनी घेण्याच्या आधी नोंदणी केलेल्या लेखकांचे होते. आणि जुलै २०१४ च्या पहिल्या आठवड्यात सूचना निघाली की ३१ जुलैला संकेतस्थळ बंद होणार. वर्षानुवर्षांचं लेखन उतरवून घ्यायला लेखकांना महिन्याहून कमी मुदत मिळाली. ज्यांनी आपल्या लेखांच्या प्रती स्वतःकडे ठेवल्या होत्या त्यांना फारशी धावपळ करावी लागली नाही. बाकीचे रात्री जागून एकेक पान जतन करत बसले.

या सगळ्या कंपन्यांच्या करारांत एक कलम हमखास असतं. या अटी कंपनी केव्हाही बदलू शकेल, आणि बदलानंतर तुम्ही काम चालू ठेवलंत तर बदल तुम्हाला मान्य आहेत असं धरलं जाईल, असा त्याचा आशय. दर कमी झाला, पैसे तीस दिवसांऐवजी साठ दिवसांनी मिळू लागले, आधी दोनदा होणारी दुरुस्ती आता कितीही वेळा फुकट करावी लागते, की लोक त्या दिवसाला अन्यायाचा दिवस म्हणतात. मला तसं वाटत नाही. अन्याय त्या कलमाखाली सही झाली त्या दिवशीच झालेला असतो. नंतरचा दिवस फक्त वसुलीचा.

सगळेच बदल लेखकाच्या विरोधात जातात असंही नाही. ॲमेझॉनची किंडल अनलिमिटेड ही वर्गणीची योजना जुलै २०१४ मध्ये सुरू झाली. वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचला की लेखकाला त्या उसनवारीचे पूर्ण पैसे मिळत. मग तीस पानांची कथा असो की चारशे पानांची कादंबरी, रक्कम तीच. १ जुलै २०१५ पासून हिशोब वाचलेल्या पानांवर होऊ लागला. कादंबरीकारांचं भलं झालं, छोट्या पुस्तिका लिहिणाऱ्यांचं उत्पन्न घसरलं. नवा नियम जुन्यापेक्षा अधिक न्याय्य होता असंही म्हणता येईल. पण तो ठरवताना दोघांपैकी कोणाचीही संमती लागली नव्हती.

मग लेखक कोर्टात का जात नाहीत? गेलेही आहेत. जोनाथन टासिनी या अमेरिकन पत्रकाराचे दोन खटले एकत्र वाचले तर सगळं चित्र स्पष्ट होतं. टासिनी नॅशनल रायटर्स युनियनचे अध्यक्ष होते. १९९३ मध्ये त्यांनी इतर काही मुक्त लेखकांना घेऊन न्यूयॉर्क टाइम्स आणि इतर प्रकाशकांवर दावा लावला. तुम्ही आमचा लेख छापील अंकासाठी घेतला, मग तो संगणकीय संग्रहात कोणाच्या परवानगीने विकता, हा त्यांचा सवाल. २५ जून २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी लेखकांच्या बाजूने निकाल दिला. विजय खरा होता, पण प्रकाशकांनी दोन गोष्टी केल्या. मुक्त लेखकांचे जुने लेख संग्रहातून काढून टाकले, आणि नव्या करारात सर्व माध्यमांतले सर्व हक्क आधीच लिहून घ्यायला सुरुवात केली. मुक्त लेखकांच्या सामूहिक दाव्यातली भरपाईची रक्कम प्रत्यक्ष हातात पडायला २०१८ साल उजाडलं. तोवर काही लेखक हयातही नव्हते.

दुसरा खटला हफिंग्टन पोस्ट या संकेतस्थळावर. एओएल या कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये ते ३१.५ कोटी डॉलरना विकत घेतलं. तिथे हजारो लोकांनी विनामोबदला लिहिलं होतं. टासिनींनी त्यांच्या वतीने त्या रकमेतला तिसरा हिस्सा, १०.५ कोटी डॉलर, मागितला. मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनच तुम्ही लिहिलंत, असं त्याचं म्हणणं. माणूस तोच, तळमळ तीच. पहिल्या खटल्यात संगणकीय हक्क करारात दिलेला नव्हता, म्हणून लेखक जिंकले. दुसऱ्यात मोबदला करारात मागितलेलाच नव्हता, म्हणून हरले.

पैसे बुडण्याच्या बाबतीत मात्र एकत्र येण्याचा उपयोग झालेला दिसतो. न्यूयॉर्क शहराने फ्रीलान्सर्स युनियनच्या पाठपुराव्यानंतर केलेला कायदा मे २०१७ मध्ये लागू झाला. ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा, ठरलेली तारीख नसेल तर काम पुरं झाल्यापासून ३० दिवसांत पैसे, आणि बुडवल्यास दुप्पट भरपाई. त्याच वर्षी एबनी मासिकाकडे पैसे अडकलेल्या लेखकांनी समाजमाध्यमांवर उघडपणे थकबाकी मागितली, नॅशनल रायटर्स युनियनने दावा लावला आणि पुढच्या वर्षी समझोता झाला. एकट्याच्या दोनशे डॉलरसाठी कोणी वकील लावत नाही. चाळीस जणांचे दोनशे एकत्र झाले की कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

कायदा मात्र जपून करावा लागतो. कॅलिफोर्नियाने २०२० पासून एका प्रकाशनाला वर्षाला ३५ पेक्षा जास्त लेख देणाऱ्या लेखकाला कर्मचारी मानायचं ठरवलं. हेतू चांगला. परिणाम असा की व्हॉक्स मीडियाने डिसेंबर २०१९ मध्येच आपल्या क्रीडा संकेतस्थळांवरच्या सुमारे २०० कंत्राटी लेखकांचे करार संपवत असल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या जागी जेमतेम वीसेक पगारी माणसं घ्यायचं ठरवलं. सप्टेंबर २०२० मध्ये ३५ ची मर्यादा काढून टाकावी लागली.

आता आपल्याकडे या. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे बसून शब्दामागे काही पैसे या दराने कंटेंट लिहिणारी, भाषांतर करणारी, व्हिडिओंच्या संहिता लिहिणारी पुष्कळ मुलंमुली आहेत. त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं की भारतीय कायदा या बाबतीत लेखकाला बऱ्यापैकी साथ देतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. कंपनीने पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तिच्याकडे जात नाही. त्यासाठी लेखी आणि सहीचा करार लागतो, हे कलम १९ सांगतं. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असं मानलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो सामान्यतः लेखकाकडे परत येतो. यातली मेख ओळखा. या सगळ्या सवलती करारात काही वेगळं लिहिलं नसेल तरच लागू होतात. म्हणून कंपन्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द न विसरता येतात. ते खोडून पाच वर्षं लिहा म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दर वेळी मान्य होईल असं नाही, पण मागितल्याशिवाय तर होणारच नाही.

थकलेल्या पैशांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. तो फक्त कारखान्यांसाठी आहे हा गैरसमज. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी करू शकते, आणि ती मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवरून करता येते आणि ती राज्यातल्या सुविधा परिषदेकडे जाते. शिवाय २०२४-२५ या करआकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला त्या वर्षाचा खर्च म्हणून आयकरात वजा करता येत नाही. प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच ती वजावट मिळते. मार्च जवळ आला की या एका नियमाची आठवण करून देणारा ईमेल चांगला उपयोगी पडतो. मात्र नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी, आणि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा. परदेशी कंपनीच्या बाबतीत हा कायदा फारसा कामाला येत नाही. तिथे आगाऊ रक्कम आणि कामाचे छोटे टप्पे हाच भरवशाचा उपाय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर अटींमध्ये एक नवीन अट घुसली आहे. लेख यंत्राने लिहिला असं तपासणीच्या साधनाने सांगितलं तर पैसे मिळणार नाहीत. ही अट मला फार घातक वाटते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले निबंध त्या साधनांनी सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले. साधी, नियमात बसणारी, मोजक्या शब्दांची इंग्रजी लिहिणं हा तिथे गुन्हा ठरतो. मराठी माध्यमात शिकून इंग्रजी कंटेंट लिहिणाऱ्या मुलीच्या मेहनतीचे पैसे अशा साधनाच्या आकड्यावर बुडणं हा उघड अन्याय आहे आणि तो मुकाट्याने सोसू नये. यावर पुरावा ठेवता येतो. लेख गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी लिहिला तर त्याच्या प्रत्येक टप्प्याची नोंद तारीख-वेळेसह राहते. ती दाखवा, आणि अशा वादात निर्णय माणसाने करावा ही अट करारातच घालून घ्या.

ज्यांचं एका कंपनीवाचून भागतच नाही त्यांना हा सगळा सल्ला पचायला जड जाईल, हे मी जाणतो. घरभाडं द्यायचं असेल तेव्हा कलम खोडायची हिंमत होत नाही. म्हणून उत्पन्नाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा एकाच ठिकाणाहून येऊ लागला की दुसरं काम शोधायला लागा, पहिलं काम उत्तम चाललं असतानाच. ईहाऊच्या लेखकांतले जे टिकले ते बहुधा हे आधीपासून करणारे होते. आणि आपल्या दराबद्दल इतर लेखकांशी बोला. कोणाला किती मिळतं हे एकमेकांना माहीत नसणं फक्त कंपनीच्या सोयीचं असतं.

सध्या तुमचं ज्या कंपनीसाठी काम चालू आहे तिचा करार आज बाहेर काढा. अटी बदलण्याबद्दलचं कलम, हक्कांची मुदत आणि पैशांची तारीख, या तीन जागांवर खूण करा. जिथे काही लिहिलेलं नाही किंवा जे लिहिलं आहे ते मान्य नाही, तिथे काय हवं ते ईमेलने लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.